संख्याशास्त्र शिकवण्यासाठी ऑनलाइन साधने: सुरुवात नेमकी कुठून करावी?

प्रश्न

नमस्कार. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवते. माझ्या वर्गातले बहुतेक विद्यार्थी गणिताचे नाहीत. कोणी जीवशास्त्राचे, कोणी मानसशास्त्राचे, काही वाणिज्य शाखेचे आहेत. प्रमाण विचलन (मूल्ये सरासरीपासून किती पसरली आहेत याचे माप) काढायला सांगितले तर ते सूत्रात आकडे घालून अचूक उत्तर आणतात, पण दोन आलेख समोर ठेवून 'यांपैकी कोणत्या गटातली मूल्ये जास्त विखुरलेली आहेत?' असे विचारले की वर्ग गप्प होतो. मागच्या सत्राच्या शेवटी एका विद्यार्थिनीने मला विचारले, "मॅडम, पी-मूल्य ०.०३ आले, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता तीन टक्के, बरोबर ना?" (शून्य परिकल्पना म्हणजे 'काहीच फरक नाही' हे गृहीतक; पी-मूल्य म्हणजे ते खरे धरल्यास इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.) तिने चाचणीतली एकही पायरी चुकवली नव्हती. आकडेमोड तिला पूर्ण आली होती. ती कशासाठी करायची, हे मात्र मी तिच्यापर्यंत पोहोचवू शकले नव्हते, आणि ही गोष्ट मला आजही सलते आहे.

सुट्टीत मी ऑनलाइन साधने शोधायला बसले, तर अडचण उलटीच निघाली. मोफत पाठ्यपुस्तके, व्हिडिओ, ब्राउझरमध्ये चालणारी साधने, माहितीसंच असे इतके काही सापडले की कशाला हात घालावा तेच कळेना. संगणक कक्ष आम्हाला आठवड्यातून एकदाच मिळतो. एरवी विद्यार्थ्यांच्या हातात फक्त मोबाइल असतो, आणि सगळ्यांना इंग्रजी मजकूर सहज वाचता येतो असेही नाही. यांपैकी कोणती साधने खरोखर वर्गात टिकतात, एखाद्या साधनावर विश्वास ठेवावा की नाही हे कसे ओळखावे, आणि विद्यार्थी कुठे अडखळतात याविषयी शिक्षकाने वाचावे असे काही उपलब्ध आहे का, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

प्रतिसाद १

आपल्या विद्यार्थिनीला पडलेला प्रश्न जगभरातल्या वर्गांत पडतो, त्यामुळे आपण स्वतःला दोष देऊ नये. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-मूल्यासंबंधी एक स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले. परिकल्पना खरी असण्याची शक्यता पी-मूल्य मोजत नाही, हे त्यातल्या सहा तत्त्वांपैकी एक आहे. संशोधन करणाऱ्यांनाही हे बजावून सांगावे लागते, तर पहिल्या वर्षाची मुलगी चुकली यात नवल नाही.

मी बरीच वर्षे हाच विषय शिकवतो आहे. माझ्या मते साधन कोणते, यापेक्षा ते कोणत्या क्रमाने समोर येते यावर सगळे अवलंबून आहे. सूत्र आधी आणि चित्र नंतर आले, तर चित्र ही सूत्राची सजावट ठरते. म्हणून मी पूर्ण सत्रात दोनच गोष्टींवर मनापासून वेळ घालवतो. त्या इथे सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट पेंग्विनची. अंटार्क्टिकाजवळच्या पामर द्वीपसमूहावर २००७ ते २००९ या काळात मोजलेल्या ३४४ पेंग्विन पक्ष्यांचा माहितीसंच मोफत मिळतो. त्यात अडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू अशा तीन जाती आहेत, आणि प्रत्येक पक्ष्याच्या चोचीची लांबी, चोचीची जाडी, पंखाची लांबी व वजन दिलेले आहे. हा संच मी कोडॅप या साधनात उघडतो. कोडॅप ब्राउझरमध्येच चालते, काहीही बसवावे लागत नाही, आणि तक्त्यातल्या रकान्याचे नाव बोटाने ओढून आलेखाच्या अक्षावर नेऊन ठेवले की विखुरलेले ठिपके आपापल्या जागी सरकत जातात. हे सरकणे विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहणे फार मोलाचे आहे, कारण एक ठिपका म्हणजे एक पक्षी, हे त्यांना मग वेगळे सांगावे लागत नाही.

आडव्या अक्षावर चोचीची लांबी आणि उभ्या अक्षावर जाडी ठेवून मी विचारतो, 'लांब चोचीच्या पक्ष्याची चोच जाड असेल की पातळ?' ठिपक्यांचा ढग उजवीकडे किंचित उतरता दिसतो आणि सहसंबंध (दोन मोजमापे किती जुळून वाढतात-घटतात याचे उणे एक ते एकमधले माप) सुमारे उणे ०.२४ येतो, म्हणून वर्ग 'पातळ' असे उत्तर देतो. मग मी जातीचा रकाना ओढून आलेखाच्या मधोमध सोडतो आणि ठिपक्यांना तीन रंग येतात. आता प्रत्येक रंगाचा ढग वर चढताना दिसतो. अडेलींसाठी सहसंबंध सुमारे ०.३९, चिनस्ट्रॅपसाठी ०.६५ आणि जेंटूंसाठी ०.६४ भरतो. जेंटूंची चोच लांब पण पातळ, तर अडेलींची आखूड पण जाड असते, आणि या जाती एकत्र मिसळल्यामुळे संपूर्ण चित्राची दिशाच उलटली होती. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात, पण ते नाव मी तासाच्या अगदी शेवटी सांगतो. त्याआधी किमान दहा मिनिटे विद्यार्थी आपसात वाद घालत असतात, आणि ती दहा मिनिटे मी कधीही मध्ये तोडत नाही.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची, आणि आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाशी हिचाच थेट संबंध आहे. ओपनइंट्रो या मोफत पाठ्यपुस्तकात १९७०च्या दशकातल्या एका प्रयोगाची माहिती दिली आहे. बँकेतल्या ४८ पुरुष पर्यवेक्षकांना एकेक फाइल देऊन, या कर्मचाऱ्याला बढती द्यावी का, असे विचारण्यात आले. फाइली हुबेहूब सारख्या होत्या. फक्त २४ फाइलींवर पुरुषाचे आणि २४ फाइलींवर स्त्रीचे नाव होते, आणि कोणाला कोणती फाइल मिळेल हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. पुरुषाचे नाव असलेल्या २४ पैकी २१ जणांना बढतीची शिफारस मिळाली, तर स्त्रीचे नाव असलेल्या २४ पैकी १४ जणांना.

वर्गात मी ४८ चिठ्ठ्या करतो, ३५ वर 'बढती' आणि १३ वर 'नाही' असे लिहितो. नावाने काहीच फरक पडत नसता, तर या ३५ शिफारशी दोन ढिगांत केवळ योगायोगाने वाटल्या गेल्या असत्या. म्हणून चिठ्ठ्या पिसायच्या, २४-२४ चे दोन ढीग करायचे आणि पहिल्या ढिगात किती 'बढती' आल्या ते फळ्यावर ठिपक्याने नोंदवायचे. प्रत्येक गट चार-पाच वेळा पिसतो. ठिपके १७-१८ च्या आसपास साचत जातात आणि २१ च्या पलीकडे क्वचितच एखादा जातो. त्यानंतर स्टॅटकी या साधनात तेच आकडे घालून हजारो वेळा पिसायला सांगायचे. २१ किंवा त्याहून अधिक येण्याचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. हे अडीच टक्के कशाचे, असे विचारले की विद्यार्थी स्वतःच उत्तर देतात: 'नावाने फरक पडत नाही असे धरून चालल्यावर, इतका किंवा याहून मोठा फरक पडण्याचे.' जी गोष्ट पिसण्याआधीच गृहीत धरली होती, तिची शक्यता पिसण्यातून मोजता येणार नाही, हे ज्याने हाताने चिठ्ठ्या पिसल्या आहेत त्याला पटवून द्यावे लागत नाही.

स्टॅटकी मोबाइलवरही वापरता येते. कोडॅपला मात्र मोठा पडदा लागतो, त्यामुळे ते संगणक कक्षाच्या दिवसासाठी ठेवावे.

प्रतिसाद २

मी शिक्षक नाही. प्रयोगशाळेत काम करताना गरज पडली म्हणून संख्याशास्त्र स्वतःच शिकले. शिकणाऱ्याच्या बाजूने एकच गोष्ट सांगावीशी वाटते. मी सुरुवातीचे अनेक महिने व्हिडिओ पाहण्यात घालवले. समजावणारा माणूस चांगला असला की पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, पण दुसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन बसले की काहीच सुचत नसे. ब्राउन विद्यापीठात तयार झालेल्या 'सीइंग थिअरी' या संकेतस्थळामुळे माझी गाडी रुळावर आली, कारण तिथे नाणे स्वतः उडवावे लागते, नमुन्याचा आकार स्वतः बदलावा लागतो. विश्वास अंतरालाचे (नमुन्यावरून काढलेल्या, खरे मूल्य ज्यात असावे अशा, बहुधा पंच्याण्णव टक्क्यांच्या पट्ट्याचे) पान मी आजही नव्या सहकाऱ्यांना दाखवते. नमुन्यामागून नमुने पडत राहतात, प्रत्येकाचे अंतराल रेघेसारखे उमटते, आणि काही रेघा खऱ्या मध्याला न शिवताच निघून जातात. पंच्याण्णव टक्के हा आकडा कोणत्याही एका रेघेचा नसून रेघा काढण्याच्या पद्धतीचा आहे, हे मला त्या पानावर उमगले. आपल्या विद्यार्थ्यांना व्हिडिओ जरूर द्यावेत, पण पाहण्याआधी त्यांचा अंदाज कागदावर लिहून घ्यावा.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी बव्हंशी सहमत आहे, मात्र आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही, म्हणून लिहितो.

शिक्षकाच्या वाचनासाठी इंटरनॅशनल असोसिएशन फॉर स्टॅटिस्टिकल एज्युकेशन ही १९९१ साली स्थापन झालेली संस्था पाहावी. संख्याशास्त्राच्या अध्यापनावरील आंतरराष्ट्रीय परिषद, जी १९८२ साली शेफिल्डला पहिल्यांदा भरली आणि साधारणपणे दर चार वर्षांनी भरते, तिच्यातले निबंध या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. अनेक निबंध पाच-सहा पानांचेच असतात आणि निरनिराळ्या देशांतल्या शिक्षकांनी आपल्या वर्गातला अनुभव त्यात मांडलेला असतो, त्यामुळे तासाच्या तयारीला त्यांचा लगेच उपयोग होतो. संस्थेचे संशोधनपर नियतकालिकही २००२ पासून मोफत आहे. शिवाय अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने मान्यता दिलेला, २००५ साली आलेला व २०१६ साली सुधारलेला महाविद्यालयीन अध्यापनाचा अहवाल वाचावा. संकल्पना समजण्यावर भर द्यावा, संदर्भासह खरी माहिती वापरावी, मूल्यमापनाचा उपयोग शिकणे सुधारण्यासाठी करावा, अशा त्याच्या शिफारशी आहेत. प्रश्नपत्रिका बदलल्याशिवाय वर्ग बदलत नाही, हे मी स्वतः त्यातूनच शिकलो.

विश्वासार्हतेबाबत माझी कसोटी साधी आहे: ही माहिती कोणी, कधी, कोणाकडून आणि कशासाठी गोळा केली, हे साधन सांगते का? ब्रिटनमध्ये २००० साली सुरू झालेल्या आणि पुढे न्यूझीलंड, कॅनडा, दक्षिण आफ्रिका अशा देशांत पोहोचलेल्या 'सेन्सस ॲट स्कूल' या उपक्रमात विद्यार्थीच स्वतःविषयीच्या प्रश्नावलीला उत्तरे देतात. त्यामुळे प्रश्न संदिग्ध असला की उत्तरे कशी बिघडतात, हे त्यांना आतून कळते. माझे ठाम मत आहे की स्वतः प्रश्नावली भरल्याशिवाय कोणालाही तयार माहितीसंच देऊ नये. पेंग्विनच्या संचाचीही एक पार्श्वभूमी आहे. १५० आयरिस फुलांचा जो जुना संच पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, तो संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३६ साली सुप्रजननशास्त्राला (निवडक प्रजननातून मानववंश 'सुधारू' पाहणाऱ्या, आज बदनाम झालेल्या विचाराला) वाहिलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. त्या इतिहासामुळे अनेक शिक्षकांना पर्याय हवा होता, आणि पेंग्विनमुळे तो मिळाला.

गॅपमाइंडर या संकेतस्थळावरचे, देशांच्या आकडेवारीचे बुडबुड्यांचे आलेख दाखवताना मात्र जपावे. तिथे एक बुडबुडा म्हणजे एक देश असतो, एक माणूस नव्हे. देशांच्या सरासरींमध्ये दिसणारा संबंध त्या देशांतल्या माणसांमध्येही तसाच असेल, असा निष्कर्ष विद्यार्थी हमखास काढतात, आणि तिथे थांबून बोलावेच लागते.

आता भाषेविषयी. इंटरनॅशनल स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा बहुभाषिक संज्ञाकोश ऑनलाइन आहे; त्यात इतर भाषांनी एखादी संज्ञा कशी घडवली हे पाहिले की आपली संज्ञा निवडताना डोळे उघडतात. कारण अडचण केवळ इंग्रजीची नाही. निकाल 'लक्षणीय' आहे असे आपण म्हणतो तेव्हा विद्यार्थी 'मोठा' असे ऐकतो, आणि अगदी नगण्य फरकही पुरेशा मोठ्या नमुन्यात लक्षणीय ठरू शकतो हे त्याला पटेनासे होते. म्हणून मी 'सार्थक' हा शब्द वापरतो आणि फरक किती मोठा आहे हे दरवेळी वेगळ्या वाक्यात लिहायला लावतो. ओपनइंट्रोचा परवाना मूळ श्रेय देऊन आणि त्याच अटींवर भाषांतर करण्याची मुभा देतो. एकेक प्रकरण जरी कोणी मराठीत आणले, तरी आपल्यासारख्या शिक्षकांची फार मोठी सोय होईल.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. एक शंका उरते. चिठ्ठ्यांपासून सुरुवात केली तरी परीक्षेत झेड-चाचणीचे (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणाऱ्या चाचणीचे) सूत्र विचारले जाणारच आहे. तिथपर्यंत विद्यार्थ्यांना कसे न्यावे?

प्रतिसाद १

स्टॅटकीवर जमलेला ठिपक्यांचा ढीग पडद्यावर तसाच ठेवावा आणि त्याचा आकार फळ्यावर काढायला सांगावा. विद्यार्थी घंटेसारखी वक्ररेषा काढतात. मग त्या ढिगाचे प्रमाण विचलन वाचून घ्यावे आणि आपला प्रत्यक्ष आलेला फरक मध्यापासून असल्या किती विचलनांवर आहे ते मोजायला लावावे. उत्तर दोनच्या थोडे पुढे येते. हाच भागाकार म्हणजे झेड. त्यानंतर सूत्र लिहिले की छेदातले वर्गमूळ म्हणजे हजारो वेळा न पिसता ढिगाची रुंदी काढण्याची युक्ती आहे, एवढेच सांगायचे उरते. नमुना लहान असला की ही युक्ती आणि प्रत्यक्ष पिसणे यांची उत्तरे जरा वेगळी येतात. ४८ फाइलींच्या बाबतीतही किंचित अंतर दिसेल. ते झाकू नये. ते का पडते, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

प्रश्नकर्ती

पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी स्वतः तयार केलेली प्रश्नावली, दुसऱ्या आठवड्यात संगणक कक्षात पेंग्विन, आणि तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या व स्टॅटकी, असे ठरवले आहे. ४८ चिठ्ठ्यांचे आठ संच आजच कापायला घेते. ओपनइंट्रोच्या पहिल्या प्रकरणाच्या भाषांतरात कोणाला हात लावायचा असेल तर इथेच कळवावे. संज्ञांची कच्ची यादी मी दोन आठवड्यांत याच धाग्यावर ठेवीन.