मदत हवी आहे: ह्युंदाई आय-२० एन लाइन, मॅन्युअल घ्यावी की डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक)?

गाडी ठरली, गिअरबॉक्स ठरेना. १.० टर्बो पेट्रोल इंजिन दोन्हींत तेच, १२० पीएसचं. घोळ फक्त ६-स्पीड मॅन्युअल की ७-स्पीड डीसीटी, एवढाच.

रोजचं नाशिकरोड ते सातपूर, संध्याकाळी द्वारका सर्कलला फर्स्टमध्ये अर्ध्या क्लचवर सरकत राहणं आलंच. महिन्यातून एकदा सापुतारा. स्पोर्टी गाडीचा हट्ट खरं तर त्या घाटासाठीच.

दोन्ही चालवून पाहिल्या. डीसीटीत स्टीअरिंगमागचं पॅडल बोटाने ओढलं की गिअर पडलेला असतो, माझा हात एवढ्या चपळाईने कधीच चालणार नाही. पण वळणाआधी थर्डवरून सेकंड स्वतः टाकला आणि नकळत हसू आलं, ते पॅडलवर आलं नाही. टेस्ट ड्राइव्ह मात्र सकाळच्या मोकळ्या गंगापूर रोडवर झाली, गर्दीतलं काहीच कळलं नाही.

धास्ती डीसीटीतल्या ड्राय क्लचची (तेलात न बुडवलेला, त्यामुळे लवकर तापणारा). मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या ड्युअल क्लच गाडीत चढावरच्या ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला होता.

डीसीटीसाठी लाखभर जास्त द्यायची तयारी आहे. बायकोही चालवते, तिला दोन्ही चालतात. सात-आठ वर्षं गाडी विकणार नाही. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप बदलणारी स्वस्त ऑटोमॅटिक) सुचवू नका, कृपया.

ज्यांनी डीसीटी शहरात ३०-४० हजार किमी वापरली आहे त्यांनी सांगा: रांगत्या ट्रॅफिकमध्ये झटके किंवा तापण्याचा त्रास झाला का, आणि क्लच बदलावा लागला असेल तर किती किमीला व किती खर्चात?