घरी काय करायचं आणि विकत काय आणायचं? साबण, काजळ, वाळवण, वाकळ

करडीचं_फूल (अहमदपूर तालुका)

नमस्कार मंडळी. आम्ही आता गावाकडंच राहायलोत. सासूबाई, आम्ही दोघं, दोन पोरं आणि एक पाच महिन्यांची चिमणी. शेत लै नाही पण करडी, तूर, जवारी घरची, दारात कोरफड, जास्वंद, बांधावर दोन कडुलिंब आणि पाणी बोरचं. किराण्याची यादी काढली की साबण, शांपू, क्रीम, मसाल्याची पाकिटं, पापडाची पाकिटं यातच निम्मा पैसा जायलाय, म्हणून म्हटलं जमेल तेवढं घरीच करावं. मोबाईलवर बघावं तर बाया दहा मिनिटात साबण करायल्यात, क्रीम करायल्यात, सगळं गुलाबी आणि सुंदर, खाली कुणी धड प्रमाण सांगत नाही.

तर विचारायचं असं की घरच्या करडी तेलाचा साबण होतो का? कोरफडीची क्रीम टिकते का? बाळाला काजळ घरी धरलं तर चालतं ना, सासूबाई मागं लागल्यात. कुरडया त्यांना येतात, मला येत नाहीत, यंदा शिकायच्यात. आणि कपाटात जुन्या लुगड्यांचा ढीग आहे, त्याचं काय करू? नवरा म्हणतो दुकानातून आण की सरळ, कशाला ताप. तुम्ही सांगा.

येसर_आमटी (अंबाजोगाई)

ताई, साबण बिबण राहू दे बाजूला, आधी सासूबाईंना धर! मराठवाड्यातल्या उन्हाळ्यासारखं वाळवणाला ऊन दुसरीकडं कुठं मिळायचं, हवा कोरडी, गच्चीवर सकाळी टाकलं की संध्याकाळी खणखणीत. पापड कुरडयांची पाकिटं विकत आणणं म्हणजे आपलं ऊन फुकट घालवणं.

कुरडईचं सांगते. गहू धुऊन तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं म्हणजे बदलायचंच, नाहीतर असा वास सुटतो की शेजारीण विचारायला येते. चौथ्या दिवशी वाटायचे, कापडातून चीक गाळून घ्यायचा आणि रात्रभर हलवायचा नाही. सकाळी वरचं पिवळं पाणी ओतून दिलं की खाली पांढरा घट्ट चीक बसलेला असतो. तो भांड्यानं मोजायचा, जेवढा चीक तेवढंच पाणी उकळत ठेवायचं, मीठ हिंग टाकायचं आणि एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं हटवायचं. हे एकटीचं काम नाही, गाठ झाली की झाली, मग सोऱ्यातून तार तुटत जाते. चीक शिजला का ते बघायला ओल्या बोटानं हात लावायचा, बोटाला चिकटला तर अजून कच्चा. पहिल्या वाफेचा गरम चीक वाटीत घेऊन तूप साखर घालून खायचा, त्यासाठी तर पोरं चुलीपुढून हलत नाहीत.

आणि गाळून उरलेला चोथा जनावराला टाकू नको. त्यात लसूण, तिखट, मीठ, तीळ घालून भुसवड्या घाल. आमच्याकडं कुरडयांपेक्षा त्याच आधी संपतात.

मसाल्याच्या पाकिटांचं म्हणशील तर येसर करून ठेव. गहू, जवारी, हरभऱ्याची डाळ, मूठभर तांदूळ वेगवेगळं खमंग भाजायचं, धने, जिरं, मिरं, सुकं खोबरं, दगडफूल भाजायचं आणि एकत्र दळून आणायचं. घरोघरी प्रमाण वेगळं असतं आणि प्रत्येकीला आपलंच खरं वाटतं, मलाही. फोडणीच्या पाण्यात काळं तिखट आणि दोन चमचे येसर कालवून सोडलं की आमटी तयार, पाव्हणे आले की डाळ शिजायची वाट बघायला नको. काळं तिखट मात्र कांडपावर, म्हणजे मसाला कुटून देतात तिथं, समोर उभं राहून करून घ्यायचं, डबा ठेवून घरी यायचं नाही.

गाळणकागद (नांदेड)

रसायनशास्त्र शिकवतो म्हणून साबणाचं मी बोलतो. करडी तेलाचा साबण होतो पण करू नका. करडीच्या तेलात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, हे तेल हवेत सुकतं, म्हणून तर ते रंग वॉर्निशच्या कामाला चालतं. त्याचा साबण मऊ राहतो आणि काही दिवसांनी त्यावर नारिंगी ठिपके येऊन खवट वास मारायला लागतो. घाण्याचं चांगलं तेल असं वाया घालवू नये, ते भाजीत जाऊ द्या.

करायचाच असेल तर खोबरेल घ्या. कारण बोरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि फेसाऐवजी पांढरी साय येते, ती बादलीच्या कडेला चिकटते. खोबरेलाच्या साबणाला अशा पाण्यातही त्यातल्या त्यात बरा फेस येतो.

प्रमाण: १ किलो खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. पण तेवढा टाकला तर कातडी कोरडी पडते म्हणून अंगाच्या साबणाला १५० ग्रॅमच घ्यायचा, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं. पाणी ३०० ते ३५० ग्रॅम, तेही आरओचं किंवा पावसाचं. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा असतो, करडीला किलोमागं १३५ च्या आसपास, त्यामुळं एका तेलाचं प्रमाण दुसऱ्याला लावायचं नाही. आणि सगळं वजनावर, वाटी चमच्यानं मोजायचं नाही. १ ग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर साबणाचा विषयच बंद.

आता नीट वाचा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. जर्मलचं पातेलं अजिबात चालत नाही, कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो जो पेट घेतो. स्टील घ्या. हातमोजे, चष्मा, अंगणात उघड्यावर, आणि लेकरं त्या वेळी मामाच्या गावाला. अंगावर उडालं तर लिंबू व्हिनेगर लावत बसू नका, धो धो पाणी ओता, डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारत थेट दवाखाना. सोड्याचं पाणी तेलात घालून हटवायचं, मिश्रण कढीएवढं दाट झालं की साच्यात ओतायचं. खोबरेलाचा साबण लवकर कडक होतो, त्याच दिवशी कापा, दुसऱ्या दिवशी सुरी लावली की तुकडे पडतात. मग ४ ते ६ आठवडे हवेशीर जागी ठेवायचा.

दहा मिनिटात साबण दाखवणारे बहुतेक तयार साबणाची लादी वितळवून रंग टाकून परत ओततात. त्यात काही वाईट नाही पण त्याला स्वावलंबन म्हणू नका. आणि खोबरेल कुठं स्वस्त राहिलंय, हिशोब केला तर दुकानातली वडीच परवडते. हौस असेल तर करा, बचत म्हणून नको.

मोसंबीवाली (जालना)

सरांशी सहमत, साबणाच्या नादी लागू नकोस. शिकेकाई कर. जड पाण्याचा जो त्रास साबणाला होतो तो रिठा शिकेकाईला होत नाही, केस चिकट होत नाहीत. मी एक किलो शिकेकाईला पाव किलो रिठा (बिया काढून), पाव किलो आवळकाठी, मूठभर मेथ्या, मोसंबीच्या वाळलेल्या साली आणि जास्वंदीची वाळलेली फुलं घेते. शेतात लव्हाळा असेलच, निंदून निंदून ज्याच्या नावानं आपण बोटं मोडतो तोच, त्याच्या गाठी म्हणजे मुस्ता, नागरमोथ्याच्याच जातीतलं. धुऊन वाळवून टाक, वास छान येतो. सगळं कडकडीत वाळवून दळून आणायचं. गिरणीवाल्याला आधी सांग आणि नंतर त्यात दळण टाकू नको, नाहीतर भाकरीला फेस. डोळ्यात मात्र जाऊ देऊ नको, लै झोंबतं.

रात्रपाळी (परभणी)

दवाखान्यात नर्स आहे, लहान पोरांच्या वॉर्डात. ताई, बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नका, घरचं असो की दुकानातलं. घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरलं म्हणजे त्यात शिसं नाही एवढंच, पण काजळी ती काजळीच, आणि बोट कुणाचं, कशात बुडवलेलं, ते डोळ्यात जातं. डोळे चिकटलेली, सुजलेली लेकरं येतात ना, आजी सोबत असते आणि आजीच्या पिशवीत डबी. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून तीट कानामागं किंवा तळपायाला लावू द्या, भांडण मिटतं.

कोरफडीच्या क्रीमचंही तेच. ज्यात पाणी आहे ते घरी केलेलं टिकत नाही, चांगलं दिसत असलं तरी आत जंतू वाढलेले असतात. कोरफड ताजी कापायची, उभी करून पिवळा चीक निथळू द्यायचा कारण त्यानं खाज सुटते, आणि गर त्याच वेळी लावून मोकळं व्हायचं. डबीत भरायचंच असेल तर बिनपाण्याचा बाम करा, मधमाशीचं मेण एक भाग आणि तिळाचं तेल तीन भाग, गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवायचं. टाचा, ओठ, भांडी घासून फुटलेले हात, सगळ्याला चालतं. तेल चार भाग घेतलं तर इकडच्या मे महिन्यात पातळ व्हायला लागतं.

आणि चेहऱ्यावर लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट हे जे चाललंय ते बघून डोकं उठतं. उन्हासाठी घरगुती सनस्क्रीन पण नाही होत कुठल्याच तेलाचं. शेतात जाताना टॉवेल बांधा तोंडाला.

धोंडीबाचा_नातू (गेवराई)

ह्यातलंच जास्त करून आठवडी बाजारात विकलं तर? शिकेकाई, बाम, कुरडया. आमच्या वहिनी पण मागं लागल्यात.

गाळणकागद (नांदेड)

कुरडया, येसर, काळं तिखट विकायला अन्न सुरक्षेची नोंदणी करावी लागते, लहान धंद्याला ती सोपी आहे. पण साबण, बाम, केसांची पावडर हे सौंदर्यप्रसाधनात येतं, त्याला १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली उत्पादनाचा परवाना लागतो, आता २०२० चे वेगळे नियमही आलेत. स्वयंपाकघरात बसून तो मिळत नाही. वहिनींना म्हणावं खायचंच विका.

जुनं_लुगडं (उदगीर)

लुगड्यांवर कुणीच बोललं नाही म्हणून मी. ताई, आधी सुती आणि टेरिकॉट वेगळं काढ. नायलॉनचं लुगडं आत घातलं की ते सरकतं आणि वाकळ (गोधडी) एका बाजूला गोळा होते, पाणी पण शोषत नाही. सुती चार पाच थर पुरे. मऊ झालेलं, विरलेलं आत आणि त्यातल्या त्यात धडकं वर. अंगणात सारवलेल्या जागी सकाळी अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायचं, हातानं मधून कडेकडं सुरकुत्या काढायच्या आणि आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे. इथं घाई केली की पुढं सगळं वाकडं. मग कडेपासून बारीक धावदोरा, ओळीला ओळ लावून. काठ फेकू नको, ते बाहेरून पट्टी म्हणून लावले की वाकळ फाटत नाही आणि देखणी दिसते. बाळासाठी छोटीपासून सुरुवात कर, एका लुगड्यात होते.

आता जरा खरं बोलू? स्वयंपूर्ण घर स्वयंपूर्ण घर म्हणून सगळेच सांगायलेत, पण वरची यादी वाचा, शिकेकाई तिनं, कुरडई तिनं, वाकळ तिनं, बाम तिनं, आणि कडेवर पाच महिन्यांचं लेकरू. दुकानातून आण म्हणणाऱ्या नवऱ्याच्या वाट्याला काय? रिठे फोडायला, चीक हटवायला, कांडपावर उभं राहायला बाईच लागते असं नाही.

येसर_आमटी (अंबाजोगाई)

जुनं लुगडं, लाखाची बात. आमच्याकडं चीक हटवायला मालकच, दंडात जोर लागतो त्याला.

करडीचं_फूल (अहमदपूर तालुका)

सगळ्यांचे लै आभार. साबण कॅन्सल, सर. काजळाचं सासूबाईंना रात्रपाळी ताईंचं वाचून दाखवलं, आधी रुसल्या, मग म्हणाल्या तळपायाला तर तळपायाला. यंदा शिकेकाई, कुरडया, येसर आणि बाळाची वाकळ एवढंच. नवऱ्याला जुनं लुगडं यांची कमेंट दाखवली तर म्हणाला रिठे फोडतो पण सोऱ्या दाबणार नाही.

एक राहिलं. कुरडईला गहू कुठला घ्यायचा? घरात रेशनचा आहे आणि शेजारी बन्सी द्यायलेत.

येसर_आमटी (अंबाजोगाई)

बन्सी खिरीला आणि रव्याला ठेव. कुरडईला आपला रोजच्या पोळीचा गहू बरा, लोकवन बिकवन, चीक पांढरा येतो. रेशनचा पण चालतो, फक्त नीट निवडून घे, खडा राहिला तर सोऱ्याच्या जाळीत अडकतो. आणि आभाळ असलेल्या दिवशी चीक शिजवायला बसू नको, आदल्या रात्री बघून ठेव.