भ्रूणाची जनुकं बदलण्याआधी विज्ञानाने थांबावं का?

सावनी:
नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधल्या शेन्झेनच्या हे ज्यानक्वे या संशोधकाने जाहीर केलं, की क्रिस्पर हे जनुकं कापून बदलायचं तंत्र वापरून त्याने भ्रूणांची जनुकं बदलली आणि त्यातून जुळ्या मुली जन्मल्या. वडील एचआयव्हीबाधित होते, म्हणून ज्याच्यामुळे एचआयव्ही पेशीत शिरतो ते सीसीआर५ हे जनुक निकामी करायचं, असा त्याचा दावा. पण अशा जोडप्याच्या बाळाला लागण होऊ न देण्याचे रुळलेले मार्ग आधीपासून होते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये त्याला ३ वर्षांची कैद झाली. त्या मुलींच्या शरीरातला बदल मात्र कोणतंही न्यायालय मागे घेऊ शकत नाही, आणि तो त्यांच्या मुलाबाळांत उतरू शकतो. ज्यांच्यावर प्रयोग होतोय त्यांची संमती घेताच येत नाही, तिथे विज्ञानाने थांबलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

नागभीडकर:
ताई, थांबा म्हणणाऱ्याच्या घरात सहसा रुग्ण नसतो. माझ्या भाचीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलेलं. क्रायसिस, म्हणजे वेदनांचा झटका, आला की हाडं आतून फुटतात असं ती सांगते. विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासी, दलित वस्त्यांमध्ये असे पेशंट घरोघरी भेटतील.
टेस्ट ट्यूब बेबीच्या वेळीही नीतीच्याच नावाने अडवणूक झाली होती. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९७१ मध्ये या तंत्रावर काम करणाऱ्या एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांना निधी नाकारला. ते दोघे थांबले नाहीत म्हणून १९७८ मध्ये लुईस ब्राऊन हे जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, आणि १९८६ मध्ये आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातही असं बाळ जन्माला आलं. आज त्याला कोण अनैतिक म्हणतं?

सावनी:
सिकलसेलसाठी भ्रूणाला हात लावायची गरजच नाही ना. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला कॅसजेव्ही हा सिकलसेलवरचा जनुकोपचार बघा. रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढून, त्यात बदल करून परत सोडतात. बदल त्याच्यापुरता राहतो, आणि मोठा माणूस स्वतः हो किंवा नाही म्हणू शकतो. आईवडील दोघं वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले, असतील तर गर्भाची तपासणी आहे, निरोगी भ्रूण निवडणंही आहे.

नागभीडकर:
दोघंही एसएस असतील तर? मग प्रत्येक भ्रूण एसएसच. निवडायचं काय?
आणि कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. त्याआधी तगडी केमोथेरपी. आमच्याकडे क्रायसिस कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या तरी पुष्कळ.

मालती, पुणे:
मी ऐंशीच्या दशकातली मुंबई पाहिली आहे. गर्भजल परीक्षा आली ती गर्भातले दोष शोधायला. बघता बघता मुलगी आहे का हे सांगणारे दवाखाने उघडले, जाहिराती लागल्या. बायकांच्या संघटनांनी रान उठवलं तेव्हा १९८८ मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. तंत्र बाजारात पोचल्यावर कायदा करून काय होतं ते आपण भोगलंय. उद्या भ्रूण बदलून मिळू लागलं, तर एसएस जोडप्याच्या आधी रांगेत कोण असेल? गोरा रंग आणि उंची मागणारे.

रानपाखरू:
मालतीताईंशी सहमत. शिवाय घाईने विज्ञानच मागे पडतं. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जनुकोपचार चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला. आधीच्या रुग्णांना झालेला गंभीर त्रास त्याला सांगितलेला नव्हता. त्यानंतर हे अख्खं क्षेत्र कित्येक वर्षं मागे पडलं.

नागभीडकर:
त्या मुलाला खरं सांगायला हवं होतं, यात वादच नाही. लिंगनिदानाचा कायदाही हवाच. पण त्याच कायद्याच्या धास्तीने आडगावात सोनोग्राफीचं मशीन नेणं अवघड झालं, आणि पोटुशी बाई चार तास एसटीने तालुक्याला जाते. बंदीची किंमत कोण मोजतं, हा प्रश्नही नीतीचाच आहे. ज्या समित्या भ्रूणाच्या संमतीवर बोलतात, त्यांनी २२ लाख डॉलरवरही बोलावं. आणि तुम्ही थांबा म्हणता, ते कधीपर्यंत, कोणती माहिती हाती येईपर्यंत, तेवढं सांगा. भाचीला मी काय सांगू?

सावनी:
माकडांसारख्या प्राण्यांच्या पुढच्या पिढ्या तपासून, क्रिस्परने जनुकांत नको तिथे काप पडत नाही हे दिसेपर्यंत. आणि तेव्हाही फक्त दोघं एसएस असलेल्या जोडप्यांसारख्यांसाठी, उंची-रंगासाठी कधीच नाही. किमतीबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. भाचीसाठी लढायचं तर ते कॅसजेव्हीसारखे उपचार इथे परवडणाऱ्या किमतीत बनावेत म्हणून. तिथे एक दिवसही थांबू नये.