साथीच्या दिवसांतील गरोदरपण: तपासणी आणि लस

प्रश्न (नाशिक, जुलै २०२१):
मला पाचवा महिना सुरू आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत लोकांचे जे हाल झाले ते पाहिल्यापासून रुग्णालयाची पायरी चढण्याची धास्ती वाटते, त्यामुळे सोनोग्राफी लांबणीवर पडली आहे. २ जुलैला केंद्र सरकारने गरोदर स्त्रियांनाही लस घेण्याची मुभा दिली. मात्र बाळंतपण होईपर्यंत थांबावे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. काय करावे?

प्रतिसाद १:
सोनोग्राफी मात्र टाळू नका. बाळाच्या अवयवांत काही व्यंग आहे का, हे पाहणारी तपासणी साधारण १८ ते २० आठवड्यांत करतात आणि ती फोनवरून होत नाही. मी सकाळची पहिली वेळ मागून घेतली, एन-९५ मास्क लावला आणि यजमानांना खाली गाडीतच थांबवले (ते रुसले, पण इलाज नव्हता). किरकोळ शंका ई-संजीवनीवर (घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी ऑनलाइन सेवा) विचारता येतात.

प्रतिसाद २:
ताई, सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे. परंतु गरोदरपणात कोविड झाल्यास अतिदक्षता विभागात दाखल व्हावे लागण्याची आणि दिवस भरण्यापूर्वीच प्रसूती होण्याची शक्यता वाढते, हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. मी सातव्या महिन्यात, गेल्याच आठवड्यात, कोव्हिशील्डचा पहिला डोस घेतला. एक रात्र ताप आला, तो डॉक्टरांनी सांगितलेल्या पॅरासिटामॉलने उतरला. दुसरा डोस १२ ते १६ आठवड्यांनी, म्हणजे बाळंतपणानंतरच येईल. स्तनपान करणाऱ्या मातांनाही लस चालते.

प्रश्नकर्ती:
सोमवारची वेळ घेतली आहे. सासूबाई स्वतः डॉक्टरांशी फोनवर बोलणार आहेत.