हॉस्टेलमध्ये फ्लूची मोठी साथ आली तर? प्लॅन लिहायचाय, मदत करा

हॉस्टेलवाली_ताई
नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका युनिव्हर्सिटी कॅम्पसवर मुलींच्या हॉस्टेलची असिस्टंट वॉर्डन आहे. मुली बहुतेक गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळकडच्या, एका खोलीत तिघी. वरून सांगितलंय की २००९ सारखी फ्लूची साथ परत आली तर काय करायचं त्याचा प्लॅन लिहून द्या. मी सॅनिटायझर, गेटवर थर्मल गन, पोस्टर एवढं लिहिलंय पण मनाला पटत नाहीये.

कारण सांगते. मागच्या जानेवारीत सेकंड इयरच्या एका मुलीला ताप होता, ७५ टक्के अटेंडन्स भरत नव्हता म्हणून ती पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस प्रॅक्टिकलला गेली, मग तिच्या दोन्ही रूममेट पडल्या, मग त्या कोपऱ्यातल्या सगळ्या खोल्या. मला कळलं चौथ्या दिवशी, तेही मेसच्या काकू म्हणाल्या की मॅडम, आज अकरा ताटं उरली, पोरी जेवायला का नाही आल्या. वर जाऊन बघते तर थंडी म्हणून खिडक्या बंद आणि तिघी तीन पांघरुणांत. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. नेमकं काय लिहू?

जुना_मेडिकलवाला
ताई, २००९ मध्ये मी इथेच मेडिकलला इंटर्न होतो म्हणून लिहितोय. थर्मल गनवर फार भिस्त ठेवू नका. फ्लू झालेला माणूस ताप यायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच पसरवायला लागतो आणि पुढे पाच-सात दिवस पसरवत राहतो, शिवाय गोळी घेतली की गेटवर ताप दिसतच नाही. तुमच्या त्या मुलीला गनने पकडलंच नसतं.

एक काम आजच करा, साथीची वाट बघू नका. कोणाला दमा, डायबेटीस, हृदयाचा त्रास आहे आणि मुख्य म्हणजे कोणाला सिकलसेलचा, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार आहे त्याची यादी करा, खासगीत विचारून, बोर्डावर लावायची नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल भरपूर आहे आणि या मुलींना फ्लू झाला तर छातीत लवकर उतरू शकतो. यांना फ्लूची लस दरवर्षी द्या, अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. नवीन विषाणू आला तर त्याची लस यायला मात्र काही महिने जातात, तेवढा काळ आपल्यालाच काढायचा असतो.

आणि लहान वयाच्या पोरांना काही होत नाही हे डोक्यातून काढा. १९१८ च्या साथीत २० ते ४० वयाचे लोक खूप गेले, २००९ लाही तरुणांना जास्त लागण झाली. ओसेल्टामिव्हिर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत दिली तर जास्त उपयोगी, म्हणून यादीतल्या मुलीला ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर, उद्या बघू नाही. बाकीच्यांना साधा ताप-खोकला असेल तर आराम, पाणी, वेगळी खोली. पण धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, बरळणं, किंवा उतरलेला ताप परत चढणं, यातलं काहीही दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी मेडिकल नाहीतर मेयो, ही आपली नागपूरची दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं, यातलं एक गाठा. गाडी कोणाची, ड्रायव्हरचा नंबर कोणाकडे, हे प्लॅनमध्ये पाहिजेच. अँटिबायोटिक स्वतःहून देऊ नका, विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही.

गडचिरोली_पोट्टा
ताई मी पोरांच्या हॉस्टेलात चार वर्षं काढली, खरं सांगून राहिलो, पोरं ताप लपवतात. काहून की सांगितलं की पहिली गोष्ट म्हणजे घरी जा. मले एकदा १०२ ताप असताना यष्टीत बसवून दिलं होतं, अख्खा रस्ता खिडकीला डोकं टेकवून गेलो, बाजूला एक म्हातारी बाई आणि तिचा नातू. घरी आजी होती माझी, दोन दिवसांनी ती पण खाटेवर. ती वाचली पण तेव्हापासून मले कोणी घरी जा म्हणलं की राग येते. आजारी पोराले गावाकडे धाडणं म्हणजे साथ गावात नेऊन सोडणं, आणि गावाजवळ दवाखाना किती लांब असते ते तुम्हाले माहीत आहे. इथंच खोली द्या, इथंच जेवण द्या.

माझा मित्र दारासमोर खुर्ची ठेवून त्यावर डबा ठेवायचा आणि लांबूनच हाक मारायचा, पाणी संपलं का बे. त्या हाकेनं लय बरं वाटायचं. दिवसातून दोन वेळा दार वाजवणारं कोणीतरी नाव लिहून ठरवा.

प्रॅक्टिकल_बॅच_बी
मी शिकवते, म्हणून अटेंडन्सबद्दल बोलते, माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. साथीच्या काळात सर्टिफिकेट मागू नका. नाहीतर साधा सर्दी-तापवाला पोरगाही कागदासाठी ओपीडीच्या रांगेत तासभर उभा राहतो, तिथे चार जणांना देतो किंवा चार जणांकडून घेतो. मुलीनं वॉर्डनला मेसेज करावा, वॉर्डननं डिपार्टमेंटला, सात दिवस गैरहजेरी धरायची नाही. प्रॅक्टिकल परत घ्यायची बॅच आधीच टाइमटेबलमध्ये टाका. हे रजिस्ट्रारच्या सहीनं आत्ताच काढून ठेवा, साथ आल्यावर फाइल फिरत बसते. आणि ताप गोळीशिवाय उतरून २४ तास झाल्याशिवाय वर्गात यायचं नाही हेही त्याच पत्रात.

एक राहिलं, मेसमधल्या बाया, सफाईवाले, चौकीदार. रोजीवर असतात, सुट्टी घेतली तर पैसे कापले जातात, मग तापातच पोळ्या लाटायला येतात. त्यांच्या आजारपणाच्या पगाराची तरतूद करा, नाहीतर बाकी सगळं वाया.

हॉस्टेलवाली_ताई
तुम्ही सगळ्यांनी मनापासून लिहिलंत, खूप बरं वाटलं. थर्मल गन प्लॅनमधून काढली. तळमजल्यावर स्टोअरशेजारी दोन खोल्या आहेत, समोरासमोर खिडक्या, वारा खेळता, बाथरूम वेगळं, त्या रिकाम्या करून घेतेय, सध्या तिथे जुन्या गाद्या आणि बंद कूलर भरलेत. सिकलसेलचं काल संध्याकाळी एकेकीला बोलावून विचारलं, चार जणी निघाल्या, त्यातल्या एकीनं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मेसच्या काकूंना म्हटलं, रोज रात्री किती ताटं उरली ते मला सांगायचं, तीनच्या वर गेली की लगेच फोन. त्या म्हणाल्या, मॅडम मी तर खोली नंबरासकट सांगीन.

पगाराच्या मुद्द्यावर उद्या मीटिंग आहे. कोणाच्या कॉलेजात असं पत्र आधी निघालं असेल तर त्यात शब्द काय वापरले होते ते टाका ना, दुपारी १२ च्या आत मिळालं तर मीटिंगला घेऊन जाईन.