मदत हवी आहे: फळात सुई सापडली, खरेदीदाराला लेखी आराखडा हवाय

बांधावरचा
तातडीचं आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आमच्या मालात सुई निघाली. इजा कोणाला झाली नाही, पण खरेदीदाराने पुढचा माल थांबवलाय आणि मुद्दाम केलेल्या छेडछाडीपासून संरक्षणाचा लेखी आराखडा मागितलाय. एचएसीसीपीची (अन्नातले धोके ओळखून रोखायच्या पद्धतीची) फाईल पाठवली, ती चालत नाही म्हणे. मेटल डिटेक्टर घेतला तर हे मिटेल का? कोणता घ्यावा? तयार नमुना असेल तर कृपया द्या. सोमवारपर्यंत द्यायचाय.

कोरडवाहू
फळ कोणतं? पॅकिंग तुमच्याकडे होतं की दुसरीकडे? डबा सीलबंद होता की नुसतं झाकण? सुई कोणाला सापडली? आणि ती सुईच आहे ना? खोक्याची स्टेपल पिन मालात पडते, तो अपघात असतो. त्याला वेगळा उपाय लागतो.

बांधावरचा
स्ट्रॉबेरी. शिवणकामाची सुई, फळात आरपार खुपसलेली. अपघात नाहीच. डिटेक्टरबद्दल कोणी सांगेल का?

यंत्रमित्र
मी हीच यंत्रं बसवतो, म्हणून सांगतो. घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. ओल्या फळामुळे सिग्नल गढूळ होतो, स्टेनलेस स्टील पकडणं लोखंडापेक्षा अवघड जातं. सुईसारखी बारीक लांब वस्तू सापडेल की नाही, हे ती पट्ट्यावरून कोणत्या दिशेने जाते यावरही ठरतं. शिवाय डिटेक्टर तुमच्या दारात असणार. गाडी बाहेर पडल्यावर कोणी डबा उघडला तर तो काय करणार?

हिरवा_कंदील
सरळ प्रत्येक डब्याला क्यूआर कोड लावा आणि सगळी साखळी ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून बदलता न येणाऱ्या डिजिटल नोंदवहीत, टाका. आम्ही केलंय, खरेदीदार खूश आहेत.

कोरडवाहू
हिरवा_कंदील, कोडमुळे डबा कुठल्या लॉटचा ते कळेल. तो मधे कोणी उघडला ते कसं कळणार? बांधावरचा, झाकणाचं अजून सांगितलं नाहीत.

सुगरण_ताई
फळं मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली की फवारणीचे अंश बऱ्यापैकी जातात. आमच्याकडे नेहमी असंच करतो.

यंत्रमित्र
ताई, प्रश्न सुईचा आहे. तुमच्या विषयाला वेगळा धागा काढा ना, तिथे नक्की लिहितो.

लेखापरीक्षक
मी असे आराखडे तपासते. एचएसीसीपी अपघाताने होणाऱ्या धोक्यांसाठी असतं. इथे विचार उलट बाजूने करायचा: मला हा माल बिघडवायचा असता, तर मी कुठे हात घातला असता? माल शेतातून निघाल्यापासून दुकानात पोचेपर्यंतचा प्रत्येक टप्पा कागदावर मांडा. प्रत्येकापुढे लिहा: माल उघडा असतो का, तिथे एकटा माणूस किती वेळ असतो, त्याच्या हातून एका वेळी किती डबे बिघडू शकतात. ब्रिटनचं पास ९६ हे मार्गदर्शक याच पद्धतीने जातं.

सुई दिसते म्हणून सगळे सुईमागे लागतात. मला धुण्याच्या पाण्याची टाकी आणि क्लोरीन सोडायची जागा जास्त सतावते, कारण तिथे एकच हात शेकडो क्रेटपर्यंत पोचतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०१६ च्या नियमासाठीच्या मार्गदर्शनात मोठ्या प्रमाणातल्या द्रवाची चढ-उतार, द्रवाचा साठा आणि मिसळणीची कामं म्हणूनच धोक्याची धरली. तुम्ही फळ धूत नसाल तर हा भाग सोडा.

बांधावरचा
धूत नाही. स्ट्रॉबेरी तोडतानाच डब्यात भरतो. झाकण नुसतं दाबून बसतं.

शिस्तप्रिय
मग सरळ आहे. तोडणाऱ्यांपैकीच कोणीतरी. कॅमेरे लावा, पिशव्या तपासा, संशयितांना काढा.

मातीशी_नातं
शिस्तप्रिय, एवढ्या घाईने कोणाच्या पोटावर पाय देऊ नका. सप्टेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या स्ट्रॉबेरीत सुया निघाल्या. मग देशभर तक्रारी आल्या, त्यांतल्या काही नकला, काही बनाव. उत्पादकांना चांगली फळं फेकावी लागली. सरकारने कमाल शिक्षा १० वरून १५ वर्षं केली. शेतावरच्या एका माजी पर्यवेक्षिकेवर खटला भरला, २०२१ मध्ये आरोप मागे घेतले. एवढ्या तपासानंतर ही स्थिती. तुम्ही इथे बसून कोणाला ठरवता?

शिस्तप्रिय
मग हातावर हात ठेवून बसायचं?

मातीशी_नातं
असं कुठे म्हटलं? तोडणी आणि भरणीच्या जागी कोणालाही एकटं सोडू नका. कोणत्या रांगेत कोण होतं याची रोजची नोंद ठेवा. काम सोडलेल्या माणसाची चावी, ओळखपत्र त्याच दिवशी परत घ्या. आणि मजुरी थकली, मुकादमाने अपमान केला, तर ते ऐकणारं कोणीतरी ठेवा. मनात धुमसणारी तक्रार आधी कळली तर अनेक गोष्टी टळतात.

लेखापरीक्षक
बांधावरचा, पोलिसांना आणि अन्न प्रशासनाला कळवलंत का? आराखड्याच्या आधी ते. सुई, फळ, डबा तिघांना कमीत कमी हात लावा. वेगवेगळ्या स्वच्छ पाकिटांत ठेवा, कोणी कधी कोणाकडे दिलं ते लिहा. त्या लॉटचा उरलेला माल बाजूला काढा, फेकू नका. भोकाभोवतीचा गर ताजा आहे की सुकून तपकिरी झालाय, याचा जवळून फोटो काढा. सुई कधी गेली असावी याचा त्यातून अंदाज येतो. पुरावा म्हणून मात्र तो पुरेसा नाही.

बांधावरचा
फोटो आहे. भोक ताजं, कडा ओलसर, सुईला गंज नाही. तोडणी होऊन बरेच तास उलटले होते. पोलिसांना आत्ता फोन केला. आणखी एक, माल मधे एका शीतगृहात उतरतो, तिथे दुसऱ्यांच्या मालासोबत क्रेट नव्याने रचतात, मग वेगळ्या गाडीने पुढे जातो. हे सांगायचं राहिलं.

कोरडवाहू
हेच तर पहिल्यापासून विचारत होतो! त्या शीतगृहात सील कोण तोडतं, नवं कोण लावतं, दोन्ही नंबर चलानवर असतात का?

बांधावरचा
पहिल्या गाडीच्या सीलचा नंबर असतो. दुसऱ्या गाडीच्या चलानवर तो रकानाच नाही.

लेखापरीक्षक
मग आराखडा तिथून सुरू करा. उतरवताना जुन्या सीलचा नंबर जुळवायचा, फोटो काढायचा, दोघांच्या सह्या. चढवताना नवं सील, नवा नंबर, तो नंबर खरेदीदाराला माल पोचण्याआधी. न जुळल्यास माल घेऊ नये, हे करारात घाला. डब्याच्या झाकणावर उघडलं की फाटणारी पट्टी. डिटेक्टर घेतलाच तर शीतगृहाच्या पुढच्या टोकाला बसवा. नमुना मागू नका, दुसऱ्याचा नकाशा तुमच्या साखळीला बसणार नाही. टप्पे इथे टाका, रात्री बघते.

बांधावरचा
टाकतो. शीतगृहवाला दुसऱ्या गाडीला सील लावायला तयार नसेल तर?

मातीशी_नातं
तर क्रेट खुले रचू देऊ नका. तुमच्या शेतावरच पॅलेट जाळीने बांधून त्यालाच नंबरी सील लावा. ते मधे सोडायचं नाही, एवढं त्याच्याकडून लिहून घ्या.

हिरवा_कंदील
आणि त्या सीलला क्यूआर असेल तर नंबर टिपताना चूक होणार नाही.

कोरडवाहू
हे मान्य.