शांत स्वभावाचा छोटा बोआ निवडताना नेमकं काय बघायचं?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, घरात नऊ वर्षांची मुलगी. बोआ, म्हणजे विळखा घालून भक्ष्य मारणारा बिनविषारी साप, पाळायला घरचे सगळे राजी आहेत. अट एवढीच की पूर्ण वाढल्यावरही तीन फुटांच्या आत राहावा, हातात घेता यावा आणि चावरा नसावा. सध्या समोर तीन पर्याय आहेत.

एक, पुण्यातल्या ब्रीडरकडचा केनियन सँड बोआ. त्यांच्याकडे वर्षाचा नर आहे आणि दोन महिन्यांची मादी आहे. दोन, बोआ इम्परेटरचं पिल्लू. विकणारा म्हणतो "याच्याइतका शांत साप नाही", आणि डिसेंबरातला एक व्हिडिओ पाठवलाय, त्यात ते मनगटाला वेटोळं घालून पडलंय, हलतसुद्धा नाही. तीन, गावाकडचे एकजण मांडूळ फुकट देतो म्हणतात, "तोही बोआच की."

स्वभाव जातीवरून धरायचा की समोरच्या प्राण्यावरून? आणि प्रत्यक्ष बघायला गेल्यावर तो ओळखायचा कसा? आमच्याकडचा उन्हाळा आणि जाणारी लाइट याचाही विचार करून सांगा.

माणदेशी_माळरान

दादा, तिसऱ्या पर्यायाला आजच नाही म्हणून टाका. मांडूळ बोआच आहे हे खरं, पण ते आपल्या मातीतलं वन्य जनावर आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित. पकडणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हाच आहे, आणि पैसे दिले नाहीत म्हणून तुम्ही सुटत नाही. गुप्तधन सापडतं, अमुक किलोचं झालं की लाखांत जातं, असल्या थापांपायी माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या माळावरून ही जनावरं पोत्यात भरून नेली जातात. दोन तोंडं दिसावीत म्हणून शेपटीला डागण्या देतात. बिचारं बिळात शिरून उंदीर खातं, शेतकऱ्याचं कामच करतं. त्या माणसाकडे मांडूळ खरंच असेल तर वन विभागाच्या १९२६ वर फोन करा.

दुसरं, 'केनियन' म्हणून मांडुळाचं पिल्लूच गळ्यात पडू नये. मोठं मांडूळ एकसारखं तांबूस-तपकिरी किंवा काळपट असतं, पण त्याचं पिल्लू केशरट असतं आणि त्याच्या मागच्या अंगावर काळे पट्टे असतात. फसगत होते ती इथं. केनियनच्या पाठीवर केशरी किंवा पिवळट रंगात गडद तपकिरी, वेडेवाकडे चट्टे असतात, पोट पांढरट. दुरक्या घोणस हीसुद्धा सँड बोआच, तिचे चट्टे खऱ्या घोणशीसारखे साखळीत असतात, आणि तीही संरक्षित आहे. खवल्यांच्या खरखरीतपणावर ओळख ठरवू नका, केनियनची शेपूटही खडबडीत लागते. (रानात दिसलेली 'दुरक्या' हातात घेऊन ओळखायला तर कधीच जाऊ नका. ती घोणस निघाली तर चावा जिवावर बेतू शकतो.)

कागदाचं असं आहे. केनियन काय, इम्परेटर काय, दोन्ही साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत येतात. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आला की ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणाऱ्याच्या नावची नोंद आधी बघा, ती तुमच्या नावावर कशी होणार ते विचारा, आणि मगच साप बघायला डबा उघडायला सांगा. आधी साप हातात घेतला की माणसाचा जीव अडकतो, मग "कागद नंतर देतो" यालाही आपण मान डोलावतो.

यवतेश्वर_घाटमाथा

कागदाचं वर आलंच आहे, मी स्वभावाचं सांगतो.

जातीवरून फक्त अंदाज बांधता येतो. इम्परेटर मोठेपणी संथ आणि सहनशील असतो, पण पिल्लं फुसकारतात, चावे घेतात, आणि पूर्ण वाढलेला साप पाच-सहा फूट सहज होतो. तुमच्या तीन फुटांच्या अटीत तो बसतच नाही, त्यामुळे तो बाजूला. बाकीचे बोआ बघायचे तर, रोझी बोआ स्वभावाने फार गुणी, पण खादाड, बोटाला उंदराचा वास असेल तर बोटच धरतो. रबर बोआ तर जवळजवळ चावतच नाही, पण तो थंड मुलखातला. तिशीच्या पुढचा पारा त्याला सोसत नाही, सांगलीच्या एप्रिलमध्ये तो टिकणार नाही. रेनबो बोआला दमट हवा लागते आणि लहानपणी तो चिडका असतो. राहिला केनियन. नर साधारण दीड फुटाच्या आत राहतो, मादी दोन ते अडीच फूट. नऊ वर्षांच्या मुलीच्या ओंजळीला नर बरोबर बसतो.

दोघांत मी वर्षाच्या नराकडे झुकेन. दोन महिन्यांचं पिल्लू पुढे कसं निघेल हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, सगळीच पिल्लं या वयात बुजरी असतात. वर्षाच्या सापाच्या मागे वर्षभराची खाण्याची वही असते, आणि स्वभावाचा अर्धा उलगडा त्या वहीतच होतो. मारलेला, गरम केलेला उंदीर सलग आठ-दहा वेळा घेतला असेल तर साप जागेला रुळलेला आहे. मध्ये मध्ये नाकारलाय, जिवंतच लागतो, असं असेल तर तो अजून ताणाखाली असू शकतो, आणि ताणातला साप चावतो. नराची एक खोड मात्र आधीच माहीत असू द्या: वयात आल्यावर जोडीच्या हंगामात तो काही महिने तोंड फिरवून बसतो. वजन उतरत नसेल तर घाबरू नका.

आता तो व्हिडिओ. डिसेंबरात, हलतसुद्धा नाही! साप शांत आहे की गारठलाय हे आधी बघायला हवं. सापाचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गरम. १५ अंशांत कुठलाही साप दोरीसारखा पडतो, तोच ३० अंशांत वेगळाच निघतो. त्यामुळे बघायला जाताना सांगून ठेवा की डबा नेहमीच्या उबेत हवा, गेल्या ४८ तासांत खायला दिलेलं नसावं, आणि डोळे दुधाळ निळसर नसावेत. कात टाकायच्या आधी त्याला नीट दिसत नाही, तेव्हा गरीबातला गरीब सापही दचकतो. यातलं काही असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

तिथं गेल्यावर पहिले काही क्षण हात लावू नका, नुसतं बघा. मग साप उचलायच्या हुकने किंवा कागदाच्या गुंडाळीने अंगाच्या मधल्या भागाला हलका स्पर्श करा, डोक्याला नाही. चांगला साप अंग थोडं आखडतो, जीभ बाहेर काढतो आणि सरकायला लागतो. मान इंग्रजी एससारखी मागे ओढली, अंग फुगवून फुस्स केलं, किंवा झटक्यात बाजूला तोंड मारलं तर दोन मिनिटं थांबून पुन्हा करा. एकदा दचकणं माफ, तीनदा तेच झालं तर तो सोडा.

नंतर खालून तळहात सरकवून उचला, अंगाचा मध्य आणि शेपूट दोन्हीकडे आधार, आणि पाच मिनिटं घड्याळ लावून धरा. इथं जिभेकडे लक्ष द्या. आरामातला साप जीभ लांब काढतो, ती सावकाश वर-खाली हलवतो, बोटांच्या फटीतून वाट शोधत जातो. घाबरलेल्याची जीभ तोकडी आणि भराभर, किंवा बाहेरच येत नाही. सँड बोआ भेदरला की डोकं वेटोळ्याखाली खुपसतो आणि शेपूट पुढे करतो. "बघा किती गरीब" म्हणून तुम्हाला हेच दाखवतील. तो गरीब नव्हे, भेदरलेला आहे. हातावर घाण वास सोडला तरी तेच. पाच मिनिटांत डोकं बाहेर आलं आणि साप फिरू लागला तर मात्र घ्यायला हरकत नाही.

आणि एक तपासणी शांतपणाशी थेट जोडलेली आहे. तळहातावर हळूच उताणा करा. निरोगी साप लगेच पालथा होतो. तसाच राहिला, मान वर वाकवून आकाशाकडे बघत बसला, किंवा उचलल्यावर अंगात पकडच नाही, तर बोआमध्ये होणाऱ्या विषाणूजन्य मेंदूच्या आजाराचा संशय घ्या. असा साप कितीही शांत असला तरी घ्यायचा नाही, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या सापाला लावायचा नाही. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, डोळ्याच्या कडेला मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके, म्हणजे गोचिडासारखे बारीक किडे, हेही बघून घ्या.

वारणेची_माई

साप घरी आणल्यावर स्वभाव बिघडतो तो बहुतेक डब्यामुळे. तिथं चुकलात तर वरची सगळी पारख वाया.

नराला ६० बाय ३० सेंटिमीटरचा डबा पुरतो, झाकणाला पक्की कडी. बोटाएवढ्या फटीतून तो जातो. तळाच्या एक तृतीयांश भागाखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), आणि तिला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारं यंत्र) हवाच. थर्मोस्टॅटशिवाय मॅट म्हणजे तवा, खाली गाडून घेणारा साप पोटाला भाजला तरी तिथून हलत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर भुशावर ठेवू नका, मॅटच्या वरच्या काचेला चिकटवा. गरम बाजू ३२ ते ३४ अंश, गार बाजू २५ ते २७.

सांगलीत मार्च उजाडला की खोलीच चाळीशीकडे जाते. तेव्हा मॅट दुपारी पूर्ण बंद. डबा पश्चिमेच्या भिंतीला नको, वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली नको. गार बाजू ३२ च्या वर चढली की साप बेचैन होतो, काचेला नाक घासतो, हात घातला की झडप घालतो, आणि लोक म्हणतात "चिडका झाला." लाइट गेली तर ओल्या गोणपाटाचा तुकडा डब्याच्या बाहेरून गार बाजूला लावा, आत पाणी मारू नका. थंडीत उलट: लाइट गेली तर बाटलीत कोमट पाणी भरून ती कापडात गुंडाळून बाहेरून टेकवा, आणि तेव्हा खायला देऊ नका. पोटात उंदीर आणि अंग गार झालं तर तो ओकतो. ओकल्यावर दोन आठवडे उपास, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर.

तळाला ॲस्पेन या लाकडाचा भुसा पाच ते सात सेंटिमीटर. मिळाला नाही तर कागदाच्या बारीक पट्ट्या चालतात. वखारीतला भुसा नको, कुठलं लाकूड ते कळत नाही, आणि पाइन, देवदाराचा वास सापाच्या फुफ्फुसाला बाधतो. नदीची वाळूही नको, ती पोटात जाते आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवते. ओल्या तळावर या सापाच्या पोटाचे खवले कुजतात. पाण्याची वाटी लहान आणि जड, गार बाजूला. कृष्णेचं पाणी वाढलं की घरात जी दमट हवा भरते, त्या आठवड्यात वाटी रोज काही तास बाहेर काढून ठेवा.

आणल्यावर आठ-दहा दिवस हात लावायचा नाही. पाणी बदलायचं, घाण काढायची, बस्स. त्यानंतरही तीन वेळा नीट खाईपर्यंत थांबा, मग एक दिवसाआड पाच मिनिटं, पुढे वाढवत पंधरा. खाल्ल्यावर ४८ तास हात नाही.

सँड बोआ चावतो तो रागाने क्वचितच, बहुतेक वेळा भुकेने. भुशाखाली डोळे वर काढून बसतो आणि गरम, हलणारी गोष्ट नाकापाशी आली की बाजूने तोंड मारतो. म्हणून बोटांनी भुसा उकरत सापाला शोधायचं नाही. आधी कागदाच्या गुंडाळीने मागच्या अंगाला दोनदा टेकवायचं, की त्याला कळतं आज जेवण नाही. मग भुशासकट खालून ओंजळीने उचलायचं. मुलीला हीच सवय पहिल्या दिवसापासून लावा.

उंदीर सापाच्या सर्वात जाड भागाइतकाच जाड. वाढलेल्या नराला दहा ते चौदा दिवसांनी एक. गोठवलेला उंदीर पिशवीत घालून कोमट पाण्यात पूर्ण सैल होऊ द्या, शेवटी जरा गरम पाण्यात धरा, चिमट्याने द्या. मायक्रोवेव्ह नको. घरात पकडलेला उंदीर तर मुळीच नको, त्याने औषध खाल्लेलं असलं तर साप जातो.

चावलाच तर ओढू नका, दात मागे वळलेले असतात, ओढल्याने कातडी फाटते. नळाच्या बारीक गार धारेखाली त्याचं तोंड धरा, सुटतो. जखम साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा. विषारी नाही, पण सापाच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, म्हणून दर वेळी हात धुणं, आणि पाहुण्यांच्या पाच वर्षांखालच्या पोरांना हात लावू द्यायचा नाही. त्याची वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका.

कृष्णाकाठ_सांगली

मांडुळाचा विषय संपवला, १९२६ वर कळवतो. नोंद नीट निघाली तर नरच बघायला जाईन. एकच राहिलं: पुण्याहून सांगलीला कारने आणायचा, चार-पाच तासांचा रस्ता. कसा आणू?

यवतेश्वर_घाटमाथा

आदल्या तीन-चार दिवसांत त्याला खायला दिलेलं नको, वाटेत ओकेल. सुती पिशवी घ्या, उलटी करून शिवण बाहेर ठेवा म्हणजे धाग्यात दात किंवा खवला अडकत नाही. वरचं तोंड पिळून दुमडा आणि गाठ मारा, साप गाठीच्या खाली आहे हे चाचपून. ती पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, बाजूला वर्तमानपत्राचे गोळे, म्हणजे खंबाटकीच्या वळणांवर ती घरंगळणार नाही. खोक्याला पेन्सिलीएवढी चार-पाच भोकं. खोकं सीटच्या पायथ्याशी ठेवा, डिकीत नको, एसीच्या झोताखाली नको, आणि चहाला उतरलात तरी बंद गाडीत उन्हात सोडू नका. नोंदीच्या कागदाची प्रत खोक्यातच ठेवा. पाणी वाटेत लागत नाही. घरी डबा दोन दिवस आधीपासून चालू करून तापमान टिपून ठेवा, पोचल्यावर पिशवी डब्यात ठेवून तोंड सोडा आणि तो स्वतःहून बाहेर येईल तेव्हा येऊ द्या.